ओट्यावरचा मुराळी

माणूस हा आपल्या देहाचा मालक आहे, आणि मालकाला आपल्या घरात काय चाललंय ते सगळ्यांच्या आधी कळतं. याबाबत जगातली सगळी शास्त्रं आणि जळगावच्या बस स्थानकात उभा जन्म गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेले बन्सीलाल आबा यांचं पूर्ण एकमत होतं. हे एकमत धुळ्याला, देवपुरात, जावयाच्या ओट्यावर मोडलं. तेव्हा आबांची एक चप्पल काढून झाली होती आणि दुसरी पायातच होती.

राकेशने, म्हणजे जावयाने, हातमोजे घालून, हातभर लांबून त्यांच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब पट्टीवर पडून जरा वेळ झाला होता. पट्टीकडे बघून राकेश म्हणाला, "काही नाही आबा, या आत," आणि त्याने पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर पालथी ठेवली. ते पालथी ठेवणं आबांना खटकलं. ज्या कागदात काही नसतं तो माणूस कधी पालथा ठेवत नाही. शिवाय राकेशच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते आबांच्या चांगल्या ओळखीचं होतं. नियंत्रण कक्षात एखादी गाडी रद्द झाल्याचा फोन येई आणि समोर खिडकीत लेकरं कडेवर घेतलेल्या बायका उभ्या असत, तेव्हा तिथला प्रत्येक जण असाच हसायचा. "मागून येतेय, बसा," असं म्हणायचा. आबा एका पायावर तसेच थांबले. "पट्टी दाखव," ते म्हणाले.

"अहो, रेघ पुसट आहे आबा. पुसट म्हणजे नसल्यासारखीच."

"पुसट म्हणजे आहे, राकेश," आतून आवाज आला. जाळीच्या खिडकीमागे आबांची लेक वृषाली उभी होती, तोंडाला मास्क, अंगावर नवी हिरवी साडी. ही साडी तिने माहेरी जायला म्हणून नेसली होती. तिची बॅगही दाराशी होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला सासरहून आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. खानदेशात मुराळ्याचा मान जावयापेक्षा जास्त असतो, निदान दोन दिवस तरी. त्याच्या पायावर पाणी घालतात, त्याला आमरसाचं जेवण घालतात, आणि त्याच्या मागोमाग सासूरवाशीण हसत बाहेर पडते. मुराळ्याला दारातून परत पाठवलं असं घर आबांनी तरी ऐकलं नव्हतं. राकेशनेही ऐकलं नसावं. वीज मंडळात इंजिनियर असलेला, घरात भाजीसुद्धा मिठाच्या पाण्यात धुवून घेणारा हा माणूस, ज्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला याच पट्टीवरून गेल्या महिन्यात फाटकातून परत लावलं होतं, तो सासऱ्यापुढे खोटं बोलला होता. भीतीने नाही, रीत म्हणून. आबांना त्याची कणव आली. मग त्यांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि ओट्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसले.

वृषालीला दोन वर्षं आखाजी नव्हती. एक वर्ष डायलिसिसच्या खुर्चीत गेलं, दुसरं ऑपरेशनची वाट बघण्यात. शेवटी सुंदरबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, आपली एक किडनी लेकीला दिली, इतक्या सहजपणे की आबांना वाटलं शेजारणीला विरजण देतेय. आता यंदा डॉक्टरांनी दोन दिवस माहेरी जायला हो म्हटलं होतं, एका अटीवर. जो कोणी तिच्याजवळ येईल त्याने आधी दवाखान्याने दिलेल्या या पट्टीवर बोट टोचून घ्यायचं. दवाखान्यात तो एक प्रयोग चालू होता आणि अशा घरांना त्या पट्ट्या दिल्या होत्या. गर्दी नको म्हणून एसटीने न येता आबा पुतण्याच्या पिकअपमधून आले होते. पुतण्या नवल गाडीतून उतरलाच नव्हता. फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत गाडी लावून, पाय खिडकीबाहेर काढून तो झोपला होता. त्याचं बोट निघताना टोचायचं होतं. वृषालीला पुढे कॅबिनमध्ये बसवायचं आणि आबांनी मागे मालाच्या हौदात बसायचं, असं ठरलं होतं. हौद आदल्या दिवशी रावेरहून केळी घेऊन आला होता, त्यामुळे आबांचा सदरा पुढे आठवडाभर केळ्याचा वास मारणार हेही ठरल्यासारखंच होतं.

"मला काही झालेलं नाही," आबा खिडकीकडे बघून म्हणाले. "सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. पारोळ्याला चहा घेतला. घसा स्वच्छ आहे. ऐक," आणि त्यांनी खाकरून दाखवलं. वृषाली खिडकीपासून एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल आबांनी पाहिलं. मग ते खाकरले नाहीत.

राकेशने लांबूनच समजावलं. तो समजावायला लागला की त्याचा आवाज दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा होई. विषाणू स्वतः सापडायला तो अंगात भरपूर व्हावा लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. पण तो पहिल्या एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी शेजारच्या पेशींना कळवते, त्या पुढच्यांना, आणि या कळवाकळवीत रक्तात काही प्रथिनं भराभर वाढतात. ताप, खोकला, अंगदुखी हे सगळं त्याच्या नंतरचं. "ही पट्टी चोर शोधत नाही, आबा. चोर शिरल्यावर गल्लीत जी ओरड होते ना, ती ऐकते."

"आणि कधी कधी उगाच ओरडते का गल्ली?"

"चुकते कधी कधी," राकेश म्हणाला, आणि लगेच त्याच्या तोंडावर आशा आली. "डॉक्टर म्हणालेच होते, प्रयोग आहे म्हणून."

एवढ्यात आबांच्या खिशात फोन वाजला. जळगावहून सुंदरबाई. घरात आबा आणि त्या अहिराणीतच बोलत, आणि फोनवर तर त्या इतक्या मोठ्याने बोलत की फोनची गरज का पडते हा प्रश्न होता.

"पोचनात का?"

"पोचनू."

"मंग घरमा बसेल शेतस ना? पोर कशी शे?"

"पोर बरी शे. मी ओटावर शे."

"ओटावर? जवाईनी तुम्हले ओटावर बसाडं?"

"रगत तपासं. व्हायरस शे म्हणे."

"ताप शे का?"

"नही."

"खोकला?"

"नही."

"मंग काय शे?"

"बठ्ठं सगळं बरं शे," आबा म्हणाले. "फक्त व्हायरस शे."

पलीकडून सांजोऱ्या तळल्याचा आवाज तेवढा येत होता. मग सुंदरबाईंचा आवाज एकदम खाली आला, इतका की आबांना फोन कानाला दाबावा लागला. "तठेच ऱ्हा. पोरना जवळ जाऊ नका." आणि फोन बंद झाला. आबांच्या लक्षात आलं, की या बाईने पट्टीवर लगेच विश्वास ठेवला, आणि आपल्यावर नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात आबांनी पुष्कळ वेळा सांगितलं होतं की मला काही झालेलं नाही, आणि दर वेळी ती उलटा हात कपाळाला लावून म्हणाली होती, झालंय. तिचा तो उलटा हात. वृषाली शाळेत असताना एकदा हसत-खेळत दप्तर घेऊन निघाली, आणि वेणी घालता घालता सुंदरबाईंनी हात मानेला लावला आणि दप्तर काढून घेतलं. पोरगी चिडली, रडली, मला काही झालेलं नाही म्हणाली. दुपारी तापाने फणफणली. आबांना तेव्हा वाटलं होतं की बायकोला काही तरी विद्या येते. पण तो हातसुद्धा ताप चामडीपर्यंत आल्यावरच ओळखायचा. ही पट्टी त्याच्याही आधी पोचली होती, आत, जिथे अजून ताप नव्हता, फक्त हाकाहाक होती.

आणि आबांना ती ऐकू येत नव्हती. ही गोष्ट त्यांना हळूहळू चढत गेली. ते बाकावर बसले होते, समोर तगरीच्या झाडावर मुंग्यांची रांग होती, कुठेतरी पाण्याची टाकी भरून वाहत होती, आणि त्यांच्या आत, या सदऱ्याच्या, या बनियनच्या, या चामडीच्या आत, एक अख्खं शहर जागं झालं होतं. गल्लीगल्लीतून निरोप चालले होते. दारं बंद होत होती. कोणी कुठे पळायचं ते ठरत होतं. आणि या शहराचा म्हणवला जाणारा मालक ओट्यावर बसून तगर बघत होता. आबांनी डोळे मिटून कान आत वळवण्याचा प्रयत्न केला. पोटात भाकरी होती, ती कळली. गुडघा होता, तो कायमच कळायचा. बाकी काही नाही. आपण ज्याला 'मी' म्हणतो तो बहुधा आपल्यातला अगदी शेवटच्या खोलीत बसलेला माणूस असावा, ज्याला सगळं निस्तरून झाल्यावर, सही करण्यापुरतं बोलावतात. आबांनी नोकरीत असे साहेब पाहिले होते. आपण त्यातलेच निघू असं मात्र वाटलं नव्हतं.

"आबा," जाळीमागून वृषाली म्हणाली, "तुम्ही जन्मभर घोषणा केल्या ना? गाडी फलाटावर लागायच्या आधी केलीत का हो कधी एकदा तरी?"

"गाडी लागल्याशिवाय घोषणा करायची नाही असा नियम होता."

"लोकं चढून बसायची आणि मग तुमचा आवाज यायचा. धुळ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं. आम्ही पारोळ्याला पोचायचो लक्ष देईपर्यंत." ती हसली. मग हसू राहिलं तसंच आणि आवाज बदलला. "मी येते, आबा. मास्क लावते, दोन लावते. तुम्ही मागे हौदात, मी पुढे. काच बंद. घरी वरच्या खोलीत राहीन. पट्टी चुकते कधी कधी. राकेशही म्हणतोय."

राकेश दाराच्या चौकटीत उभा होता आणि त्याने आबांकडे अशा नजरेने पाहिलं, की आबांना कळलं, याला नाही म्हणता येणार नाही. बायकोला माहेरी जाऊ नको म्हणायचं, मुराळी ओट्यावर बसलेला असताना, हे याच्याने होणार नाही. ते माहेरच्या माणसानेच म्हणायला हवं. घराण्यात कोणी न केलेलं काम आपल्या वाट्याला आलंय हे आबांच्या ध्यानात आलं. लेकीला घ्यायला जाऊन तिला घेऊन न येणं.

त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. ऑपरेशननंतर ते सगळ्यांना बसवून म्हणाले होते, की हिच्या रक्तातल्या राखणदारांना आता रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या देऊन पेंगत ठेवायचं, जन्मभर. कारण ते नीट जागे झाले तर नवी किडनी परकी म्हणून हाकलून देतील. आईची आहे म्हटलं तरी ऐकणार नाहीत. नातं त्यांना समजत नाही. तेव्हा आबा मनात म्हणाले होते, काय मूर्ख आहेत. आता ओट्यावर बसून त्यांना वेगळंच दिसलं. वृषालीचे राखणदार झोपलेले आहेत. तिच्या वेशीत कोणी शिरलं तर तिथे हाक उठणार नाही, किंवा उठली तरी एखाद्या म्हाताऱ्याच्या खोकल्याइतकी. पण इथे, तिच्यापासून दहा हातांवर, आपल्या अंगात, हाक उठली आहे. म्हणजे आपले राखणदार तिच्यासाठीही जागे आहेत. त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना वृषाली माहीत नाही, आखाजी माहीत नाही, बन्सीलाल नावसुद्धा माहीत नाही. तरी कोणत्या तरी जुन्या काळापासून, जळगाव-धुळे नसतानापासून, बहुधा माणसाला घोषणा करायला तोंड फुटलं नव्हतं तेव्हापासून, ते हाच एक धंदा करत आलेत. कोण आपलं, कोण परकं, एवढंच विचारत रक्तातून फिरत. आबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी हात पुढे करून पाहिलं. काटा खरोखर आला होता. पण तो विचाराने आला असं त्यांनी धरलं.

"नाही," ते म्हणाले. "तू नाही यायचं."

"आबा, दोन वर्षं—"

"आहे ना माहेर तुझ्याजवळ. आईची किडनी आहे पोटात. माझ्यापेक्षा जास्त माहेर तुझ्याकडेच आहे. ते सांभाळ."

हे वाक्य बोलल्यावर आबांना ते फार बरं वाटलं, आणि वृषालीला मुळीच नाही. ती खिडकीतून निघून गेली. आत कपाटाचं दार आपटलं. हिरवी साडी बदलली जात असणार.

मग मुराळ्याचं जेवण झालं. राकेशने ते सोडलं नाही. ओट्याच्या टोकाला स्टूल, त्यावर ताट. खापरावरची पुरणपोळी, वाटीत आमरस, कुरडई, तूप. ताट ठेवून तो मागे सरकला आणि हात बांधून दारात उभा राहिला. इतकं अदबीने ताट ठेवून इतकं लांब सरकलेलं आबांनी फक्त कावळ्यासाठी पाहिलं होतं. "घाबरू नको," ते म्हणाले, "मी शिवतो लगेच." राकेश हसला आणि मग घाईने वर, आभाळाकडे बघू लागला, डोळे भरले की माणूस बघतो तसा.

जेवण जाईना. आधी आबांनी याचा दोष आमरसाला दिला. दुपार चढली. धुळ्याचं ऊन म्हणजे भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखं. रस्ता रिकामा. कुत्रंसुद्धा नालीत उतरून पडलं होतं. आणि आबांना आता एक नवीच काळजी लागली. ताप आला नाही तर? पट्टी चुकली असेल तर? संध्याकाळपर्यंत आपण ठणठणीत राहिलो, उद्याही राहिलो, तर लेकीची आखाजी एका पुसट रेघेपायी मोडल्याचं खापर या डोक्यावर. सुंदरबाईंनी सांजोऱ्या कोणासाठी तळल्या मग? आता ताप न येणं ही नुसती फजिती नव्हती, पाप होतं. पण ताप यावा असं म्हणावं तर तेही कसं म्हणावं? तो आला म्हणजे ती रेघ खरी, म्हणजे सकाळी आत जाऊन, पाय धुऊन घेऊन, लेकीच्या पाठीवरून हात फिरवला असता तो हात... आबांनी हात पाहिला. साधा हात होता. मधल्या बोटाच्या टोकावर सुईचा एवढासा ठिपका. या हाताने आज आशीर्वाद दिला असता. तो किती प्रेमाने दिला असता. प्रेमाने दिला म्हणून विषाणू काही घरी थांबला नसता.

ते बसून राहिले. फलाटावर उभ्या असलेल्या, गाडी येऊ नये आणि यावीही असं वाटणाऱ्या कोणा माणसासारखे. असे प्रवासी त्यांना खिडकीतून नेहमी दिसायचे. लेकीला पोचवायला आलेल्या आया तशा उभ्या असत. आबांना त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं, कारण त्यांचं लक्ष गाडीच्या नंबरावर असायचं. आता त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं, आणि म्हणूनच असेल, पहिली खूण आली ती त्यांना आधी बाहेरची वाटली. वारा सुटलाय असं वाटलं. त्यांनी झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. रस्त्यावरची हवा तव्यावरच्यासारखी थरथरत होती. आणि आबांच्या पाठीच्या कण्यातून, खालून वर, कोणी ओलं फडकं फिरवावं तसं काही तरी निघालं, मानेपर्यंत आलं, आणि दात वाजले.

चव्वेचाळीस अंशाच्या उन्हात बन्सीलाल आबांना थंडी वाजली.

ते घाबरले नाहीत. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, पण ते देवळात गाभाऱ्याचं दार एकदम उघडल्यावर जसे थबकले असते तसे थबकले. म्हणजे खरं होतं. सकाळी, चप्पल काढताना, पोट भरलेलं असताना, घसा स्वच्छ असताना, आत हे चाललंच होतं. एका थेंबाला ठाऊक होतं. एवढा वेळ ते शहर लढत होतं, त्याने कोणाला उठवलं नाही, कोणाकडे तक्रार केली नाही, आणि आता, सगळी तयारी झाल्यावर, भट्ट्या पेटवून, त्याने शेवटच्या खोलीतल्या माणसाला कळवलं, की साहेब, ताप येतोय. आबांना वाटलं हात जोडावेत. कोणाला जोडावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते काखेत घातले.

"राकेश," ते म्हणाले, "एक गोधडी मिळेल का रे?"

दारात पावलं थांबली. मग आत काही तरी पडलं, आणि वृषाली खिडकीत आली. साडी बदललेली नव्हती. मघाशी आपटलं ते नुसतंच कपाट होतं. तिने बापाकडे पाहिलं. रणरणत्या ओट्यावर खांदे आवळून, थरथरत, काहीसा हसत बसलेला. ती जाळीला कपाळ टेकवून उभी राहिली. आणि आबांना दिसलं, की तिचा हात आपोआप पोटावर उजवीकडे गेला, जिथे सुंदरबाईंची किडनी होती, आणि तिथेच राहिला.

"आली का हो गाडी?" शेवटी ती म्हणाली.

"आली," आबा म्हणाले. "आज पहिल्यांदा घोषणा आधी झाली."

राकेशने डॉक्टरांना फोन केला. आबांनी जळगावला जाऊन दवाखान्यात दाखवायचं, घरातल्यांनी आठवडाभर जपायचं, वृषालीच्या जवळ कोणी गेलेलं नाही ना? नाही. मग काळजी नाही. हे "काळजी नाही" राकेशने ओट्यावर येऊन इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेर नवल जागा झाला. त्याने डोळे चोळत गोधडीतल्या काकांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि "मायवं!" एवढंच म्हणाला.

ऊन कललं तसे आबा उठले. त्यांच्या आत काही तरी फार मोठं उभं होतं. हौदात गोधडीत गुंडाळून, केळ्यांच्या वासात, आपण परत जाणार, लेकीवाचून, आणि हे बरोबर आहे, हे आयुष्यात केलेलं सगळ्यात बरोबर काम आहे, असं त्यांना वाटलं. काही तरी बोलावंसं वाटलं. सगळ्यांसाठी. त्या राखणदारांसाठी, जे आपलं नावही न विचारता लढतात. त्या थेंबासाठी. आईचा एक भाग पोटात घेऊन खिडकीत उभ्या असलेल्या या पोरीसाठी. ते फाटकापर्यंत गेले, बाहेर पडले, वळले. तापाने डोळे लखलखत होते आणि सगळं जग कडेकडेने चमकत होतं. त्यांनी हात वर केला.

"वृषाली," ते म्हणाले, "आज मला एक गोष्ट कळली—"

"आबा," ती खिडकीतून ओरडली, "तेवढी फाटकाला कडी लावून जा. गाय आत येते."